पी.टी.च्या दिवशीच पोट दुखणाऱ्या मुलांविषयी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मुले मैदानावर येत नाहीत, मोबाइलवरच्या गेमने त्यांना गिळले आहे, अशी तक्रार करणारी पत्रे आपल्या वाचकांच्या सदरात वरचेवर प्रसिद्ध होतात. सातारा जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी माध्यमिक शाळेत मी २६ वर्षे शारीरिक शिक्षण शिकवतो आहे आणि हीच तक्रार मी स्वतः पालकसभांमध्ये कितीतरी वेळा तावातावाने मांडली आहे. आज मात्र मला वाटते की आपण या गोष्टीचा क्रम उलटा लावून बसलो आहोत. पुष्कळ मुलांनी मोबाइल हाती आला म्हणून मैदान सोडलेले नाही. मैदानावर चारचौघांत आपली शोभा होते म्हणून ती हळूहळू तेथून बाजूला झाली, आणि त्यांच्या रिकाम्या हातात पडायला मोबाइल तयारच होता. ही शोभा आम्हां शिक्षकांच्या डोळ्यांदेखत होते, आणि लिहिताना जड जाते, पण काही वेळा ती आमच्यामुळेच होते.

तीन वर्षांपूर्वी सातवीतल्या एका मुलाची आई मला भेटायला आली. मुलगा अंगाने स्थूल, अभ्यासात बरा, वर्गात फारसे न बोलणारा. आई म्हणाली, “सर, ह्याला बुधवारी आणि शनिवारीच पोटात दुखतं. डॉक्टरांना दाखवलं, ते म्हणतात पोटात काही नाही. तुमच्या तासाच्या दिवशीच कसं काय दुखतं, ते तुम्हीच बघा.” मी तिला नेहमीचे उत्तर दिले, की मुलांना हल्ली व्यायामाचा कंटाळा असतो, घरी मोबाइल काढून घ्या म्हणजे आपोआप येईल. ती गेल्यावर मी सहज म्हणून हजेरीपट काढला. वर्गात उपस्थित आणि माझ्या तासाला चिठ्ठी घेऊन बसलेला, किंवा शनिवारची सकाळची शाळाच बुडवलेली, असे त्याचे चार महिने होते. त्याच पानावर आणखी तीन-चार नावांसमोर जवळपास तसाच प्रकार दिसला. त्यांपैकी दोन मुली होत्या.

मग माझा तास कसा चालतो ते मी आठवू लागलो. वर्गातले दोन चांगले खेळाडू पुढे बोलवायचे आणि सांगायचे, “घ्या रे गडी वाटून.” ते दोघे एकेक नाव पुकारत जातात, रांग कमी होत जाते, आणि शेवटी दोन मुले उरतात. आमच्या त्या वर्गात ती दोन मुले ठरलेली होती. एक जाड भिंगाचा चष्मा लावणारा आणि दुसरा हा. त्या दोघांवरून दर तासाला घासाघीस चालायची. “तू घे त्याला.” “नको, तुम्हीच घ्या, वर दोन पॉइंट देतो.” हे वाक्य एका मुलाने पहिल्यांदा उच्चारले तेव्हा सगळा वर्ग हसला होता आणि मीही हसलो होतो. पुढे मला दया आली म्हणून म्हणा, वेळ वाचावा म्हणून म्हणा, मी त्या मुलाच्या हातात गुणपत्रक दिले आणि सांगितले, “तू गुण लिहीत जा.” दीड वर्ष त्याने माझ्या वहीत गुण लिहिले. त्याचे अक्षर मोत्यासारखे आहे. आपण त्याला सांभाळून घेतले, असे मला तेव्हा मनापासून वाटत होते. मुलांनी त्याला खेळाबाहेर काढले होते आणि त्या निर्णयावर मी शाळेचा शिक्का मारला होता, हे मला उमगले नव्हते.

पुढच्या आठवड्यात मी त्याच्या घरी गेलो. घरची पिठाची गिरणी आहे, तिच्या मागच्या खोलीत तो कानाला हेडफोन लावून खेळत बसला होता. चौघांचा संघ करून खेळायचा तो नेहमीचा गोळीबाराचा गेम. मी दारात उभा असल्याचे त्याला कळले नाही, म्हणून मला त्याचा आवाज ऐकायला मिळाला. “उजवीकडून ये. थांब, आत्ता नको. तू पड तिथेच, मी येतो उचलायला.” माझ्या तासाला तोंडातून शब्द न काढणारा हा मुलगा तिघा जणांना चालवत होता, आणि ते तिघे त्याचे ऐकत होते. कोसळलेल्या साथीदाराला उठवण्यासाठी तो स्वतः मागे फिरला आणि त्या नादात त्याचा डाव संपला, तरी कुणी त्याला बोलले नाही. मी विचारले, एवढे काय आहे रे यात? तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, “तिथं मला कुणी शेवटी घेत नाही, सर.”

या वाक्यानंतर मी वाचायला लागलो. बी.पी.एड.ला मानसशास्त्राचा पेपर होता, पण तो परीक्षेपुरता. एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी माणसाच्या प्रेरणेविषयी जे मांडले आहे त्याचा गाभा साधा आहे. कोणतेही काम माणूस आपणहून, मन लावून आणि टिकून करतो ते त्यातून तीन गोष्टी मिळत असतील तर : यात माझी काही निवड आहे, हे मला जमते आहे, आणि मी या लोकांमधला आहे. या तिन्ही गोष्टी काढून घेतल्या तर माणूस ते काम भीतीने किंवा बक्षिसासाठी करील, पण पाठ फिरताच सोडून देईल. २००६ साली रायन यांनीच सहकाऱ्यांसह व्हिडिओ गेमच्या ओढीचा अभ्यास केला, तेव्हा त्या ओढीच्या मुळाशीही याच तीन गोष्टी आढळल्या.

आता माझा तास आणि त्याचा गेम शेजारी ठेवून पाहा. गेममध्ये मूल आपले पात्र, आपला वेष, आपली वाट स्वतः निवडते. माझ्या तासाला काय खेळायचे ते मी ठरवतो आणि कुणाकडून खेळायचे ते वर्गातला दांडगा मुलगा ठरवतो. पुष्कळ गेममध्ये नवशिक्याची गाठ आरंभी नवशिक्याशीच घालून देतात आणि तो जसजसा तयार होतो तसतसा प्रतिस्पर्धी अवघड होत जातो. माझ्या तासाला पहिल्याच दिवशी त्याची गाठ तालुक्याच्या संघातल्या मुलाशी पडते. तेथे हरला तर अर्ध्या मिनिटात नवा डाव सुरू होतो आणि आधीची हार कुणाच्या लक्षातही राहत नाही. येथे एकदा धडपडला तर त्याचे टोपणनाव दहावीपर्यंत पुरते. गेम बनवणाऱ्यांनी ही रचना मुलांच्या कल्याणासाठी नव्हे, तर धंद्यासाठी केली आहे हे मला ठाऊक आहे. पण मुलाला काय हवे असते हे त्यांनी ओळखले, आणि आम्ही मात्र व्यायामाचे फायदे फळ्यावर लिहीत बसलो.

व्यायामाची उणीव खरी आहे, याबद्दल वाद नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक सूचनांनुसार ५ ते १७ वर्षे वयाच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटे घाम काढणारी हालचाल हवी. याच संघटनेच्या संशोधकांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, जगभरातील ११ ते १७ वयोगटातली ८१ टक्के मुले ही मर्यादा गाठत नसल्याचे दिसले. मुलग्यांमध्ये हे प्रमाण ७८ आणि मुलींमध्ये ८५ टक्के होते. हे आकडे भाषणात सांगून टाळ्या मिळतात. परंतु माझ्या तासाला एक मूल प्रत्यक्षात किती धावते, हे मी तोवर कधी मोजले नव्हते, ते त्या वर्षी मोजले. वर्गात ६० मुले, तासिका ३५ मिनिटांची. रांगेने मैदानावर येणे, हजेरी आणि थोडी कवायत यांत १० मिनिटे जातात. उरलेल्या वेळात खो-खो लावला तर आठ जण चौकोनांत बसतात, एक जण पाठलाग करतो आणि तिघे पळतात. म्हणजे ६० मुलांच्या वर्गात एका वेळी धावणारी मुले चार. बाकीची कडेला बसून बघतात, आणि रिकामे बसलेले मूल शेजारच्याच्या खोड्या काढते. मैदानावरची निम्मी चिडवाचिडवी या कडेच्या रांगेत जन्माला येते, असा माझा अनुभव आहे. आपण तिला मुलांचा स्वभाव म्हणतो. पण ५६ मुलांना रिकामे बसवून ठेवणारी आखणी माझी होती.

आणि ती आखणी अशी का होते, हेही सांगायला हवे. क्रीडाशिक्षकाचे मोल शाळेत संघावरून ठरते. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशा शालेय स्पर्धांची चढती भाजणी आहे, दहावी-बारावीला खेळाचे सवलतीचे गुण आहेत, जिंकून आलेल्या संघाचा फोटो मुख्याध्यापकांच्या दालनात लागतो. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत झालेला पहिला खो-खो विश्वचषक भारताच्या पुरुष आणि महिला दोन्ही संघांनी जिंकला, आणि प्रतीक वाईकर व प्रियांका इंगळे हे दोन्ही कर्णधार आपल्या महाराष्ट्राचे होते, याचा मला अतोनात आनंद झाला. त्या दिवशी आम्ही शाळेत पेढे वाटले. पण माझ्या शाळेत ९०० मुले आहेत आणि सगळे संघ मिळून धरले तरी शंभराच्या वर मुले संघात येत नाहीत. मैदानाची पहाट त्या शंभरांची, साहित्याची खोली त्यांची, माझे लक्षही त्यांच्याकडेच. उरलेल्या ८०० जणांची प्रेरणा कमी आहे असे म्हणण्याचा मला काय अधिकार?

बक्षिसांविषयीही माझे मत बदलले आहे. अमेरिकेत १९७३ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग शिक्षकांनी अवश्य वाचावा. ज्या लहान मुलांना रंगीत पेनांनी चित्रे काढायला मुळातच आवडत होते, त्यांतल्या काहींना संशोधकांनी आधीच सांगून ठेवले की चित्र काढलेत तर सोनेरी चांदणीचे प्रमाणपत्र मिळेल. ते त्यांना मिळालेही. नंतर मोकळ्या वेळात हीच मुले त्या पेनांकडे इतरांच्या जवळपास निम्म्यानेच वळली. आधी जो आनंद होता त्याचे प्रमाणपत्रासाठीचे काम झाले होते. मी स्वतः ‘रोज मैदानावर या, वर्षाअखेर पदक मिळवा’ अशी योजना चालवली आहे. पदके वाटून झाल्यावरच्या सोमवारी मैदान कसे ओस पडले ते मला आठवते.

आता त्रास देण्याविषयी, ज्याला सध्या सर्रास बुलिंग म्हटले जाते. आपल्याकडे त्याला शब्दांची कमतरता नाही : दादागिरी, चिडवणे, टवाळी, वाळीत टाकणे. कमतरता आहे ती हे सगळे गांभीर्याने घेण्याची. “पोरंपोरं एकमेकांना बोलणारच,” असे म्हणून पालक आणि शिक्षक दोघेही हात झटकतात. नॉर्वेत हयात घालवलेले संशोधक डॅन ओल्वेयस यांनी थट्टा आणि छळ यांच्यामध्ये जी रेघ ओढली ती मला फार उपयोगी पडली. इजा करण्याचा हेतू, पुन्हा पुन्हा घडणे आणि दोघांच्या बळातली तफावत या तीन गोष्टी एकत्र आल्या की ती थट्टा राहत नाही. बरोबरीची दोन मुले एकमेकांना टोपणनावाने हाक मारतात ती मैत्री असते; पण ज्याला उलट बोलण्याची सोय नाही त्याला ५९ जणांनी रोज ‘ढोल्या’ म्हणणे हा छळ आहे. युनेस्कोच्या २०१९ च्या अहवालानुसार जगात जवळपास दर तीन विद्यार्थ्यांमागे एकाला, पाहणीआधीच्या एका महिन्यात किमान एकदा तरी, शाळासोबत्यांकडून असा त्रास झालेला होता, आणि त्रासाचे सर्वांत जास्त आढळणारे निमित्त शरीराची ठेवण हे होते. शरीराची ठेवण शाळेत सर्वांत उघडी कोठे पडते? बाकावर बसलेल्या मुलाचे पोट कुणाला दिसत नाही. ते माझ्या तासाला, धावताना, सगळ्या वर्गासमोर दिसते. म्हणून मी असे म्हणतो की दादागिरीचा बंदोबस्त हा केवळ समुपदेशकाचा विषय नाही. तो आधी क्रीडाशिक्षकाचा विषय आहे.

फिनलंडमधील तुर्कू विद्यापीठात ख्रिस्तीना साल्मिवाल्ली यांच्या पुढाकाराने तयार झालेला ‘किवा’ नावाचा दादागिरी रोखण्याचा कार्यक्रम त्या देशातल्या शाळांमध्ये राबवला गेला. त्याचा भर त्रास देणाऱ्यापेक्षा बघणाऱ्यांवर आहे. त्रास देणारा एकटा असतो, त्याला फिदीफिदी हसून साथ देणारे तीन-चार असतात आणि बाकीचा वर्ग खाली मान घालून चपलांकडे बघत उभा असतो. हसणारे थांबले आणि बघ्यांपैकी एक-दोघे जरी त्या मुलाशेजारी जाऊन उभे राहिले, तरी दादागिरीतली मौज निघून जाते. हे वाचताना मला “वर दोन पॉइंट देतो” हे वाक्य आणि त्यानंतरचे माझे हसू आठवले. त्या वर्गात सर्वांत बलवान बघ्या मी होतो.

आणखी एक गोष्ट आम्ही पिढ्यान् पिढ्या करत आलो आहोत. गृहपाठ केला नाही, मार मैदानाला पाच फेऱ्या. वर्गात बोललास, काढ पन्नास उठाबशा. याउलट खेळाचा तास मात्र शिक्षा म्हणून रद्द करायचा, नाहीतर गणिताचा भाग पुरा करण्यासाठी उसना घ्यायचा, जो कधीच परत मिळत नाही. म्हणजे धावणे ही शिक्षा आणि खेळणे ही चैन, असे दुहेरी शिक्षण आम्ही मुलाला देतो आणि मग सोळाव्या वर्षी त्याने रोज पहाटे आनंदाने धावायला जावे अशी अपेक्षा करतो. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोहोंना मनाई केली आहे. त्याच कायद्याच्या अनुसूचीत शाळेला मैदान हवे असेही लिहिले आहे. ज्या मैदानावर मूल शिक्षेच्या फेऱ्या मारते ते मैदान कायद्याला अभिप्रेत असलेले नसावे.

मुलींचा प्रश्न वेगळा आणि अधिक अवघड आहे, त्यावर स्वतंत्र पत्र लिहावे लागेल. येथे एवढेच सांगतो की आठवीनंतर माझ्या मैदानावरून मुली नाहीशा होतात त्याचे कारण आळस नाही. कपडे बदलायला आडोसा नाही, कुंपणाबाहेर उभ्या राहणाऱ्या टोळक्याची शेरेबाजी आहे, आणि पाळीच्या दिवसांत पुरुष शिक्षकाला काय सांगायचे हा संकोच आहे. माझ्या हजेरीपटातल्या त्या दोन मुलींचे पोट खरोखरच दुखत होते, आणि ते मला सांगण्याची वाट मी ठेवली नव्हती.

माझ्या लिहिण्याचा अर्थ गेमची बाजू घेणे असा कुणी काढू नये. जागतिक आरोग्य संघटनेने रोगांच्या अकराव्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात गेमिंगच्या विकाराचा समावेश केला आहे आणि ते वर्गीकरण १ जानेवारी २०२२ पासून लागू आहे. खेळण्यावरचा ताबा सुटणे, बाकी सगळ्यापेक्षा गेमला वरचे स्थान मिळणे आणि नुकसान दिसत असूनही ते चालूच राहणे, असे साधारण १२ महिने घडत असेल तर तो विकार समजावा, असे त्यात म्हटले आहे. अशी मुले आहेत, त्यांना डॉक्टरकडे नेले पाहिजे. रात्री दोनपर्यंत खेळून पहिल्या तासाला पेंगणारी मुले मी रोज पाहतो. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये कायद्याने बंदी आणली, तिचे मी स्वागतच करतो. गेममध्येही दादागिरी आहे. नवख्याला ‘नूब’ म्हणून हिणवणारे, संघातून हाकलणारे, माइकवरून शिव्या देणारे आहेत, आणि वर्गातल्या मुलाच्या फोटोचे स्टिकर करून ते व्हॉट्सअॅपच्या गटात फिरवणारी मुले माझ्याच शाळेत निघाली आहेत. मात्र गोळीबाराचे गेम खेळल्याने मूल मारकुटे होते, हे जे ठामपणे सांगितले जाते त्याला भक्कम आधार नाही. ब्रिटनमध्ये १४-१५ वर्षांच्या सुमारे हजार मुलांच्या २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, हिंसक गेमचा आणि मुलांच्या आक्रमक वागण्याचा संबंध आढळला नाही.

बंदीचा अनुभवही आपण घेतला आहे. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने पबजीसह ११८ अॅपवर बंदी घातली. कारण देशाच्या सुरक्षेचे होते, पण आमच्या पालकांना वाटले की आता मुले सुटली. तेव्हा शाळा बंद होत्या आणि अभ्यासच मोबाइलवर होता. मुले आठवडाभरात दुसऱ्या गेमकडे वळली. चीनने २०२१ मध्ये अठरा वर्षांखालील मुलांना शुक्रवार, शनिवार, रविवार आणि सुटीच्या दिवशी रात्री ८ ते ९ एवढाच एक तास ऑनलाइन गेम खेळण्याची मुभा ठेवली. असा कडक नियम आपल्याकडे करावा की करू नये हा वेगळा वाद आहे. पण मोबाइल हिसकावून घेतलेले मूल आपोआप मैदानावर येते हा समज मी माझ्यापुरता सोडून दिला आहे. ते मूल फक्त रिकामे होते. त्याला ज्या दारातून हाकलले होते ते दार तसेच बंद असते. शहरांत तर ते दार आणखी घट्ट लावलेले आहे. गृहनिर्माण सोसायट्यांच्या आवारात ‘येथे चेंडू खेळण्यास मनाई आहे’ असे फलक आणि त्याच सोसायटीच्या सभेत मुलांच्या मोबाइलवेडाची चिंता, हे मी पुण्यात बहिणीच्या घरी गेलो असताना पाहिले आहे.

मग मी काय केले? नवीन काही केले नाही. माझ्या लहानपणी आमच्या आळीत गडी कसे वाटत ते आठवले. दोन म्होरके समोर बसायचे. बाकीच्यांनी आपापल्या तोडीचा जोडीदार शोधायचा, खांद्यावर हात टाकून थोडे लांब जायचे, कानात कुजबुजून एकाने आंबा व्हायचे नि दुसऱ्याने फणस, आणि परत येऊन विचारायचे, “कुणाला आंबा, कुणाला फणस?” म्होरक्या नाव मागायचा, त्या नावामागे कोणते मूल आहे हे त्याला ठाऊक नसायचे. संघ तोडीस तोड व्हायचे आणि शेवटी कुणी उरायचे नाही. एखादा फारच लहान असला तर तो कच्चा लिंबू. त्याच्यावर राज्य यायचे नाही, तो बाद झाला तरी खेळत राहायचा, पण तो खेळात असायचा. त्याला गुण लिहायला कुणी बसवत नसे. आमच्या पोरांच्या खेळाने कच्च्या गड्यासाठी नियम वाकवला होता, आणि प्रशिक्षण घेतलेल्या माझ्यासारख्या शिक्षकाने नियमासाठी कच्चा गडी बाहेर काढला होता.

ही पद्धत मी सातवीच्या त्या वर्गात आणली. पहिल्या आठवड्यात मुले म्हणाली, “हे लहान पोरांचं आहे, सर.” जोडीदार निवडतानाही तोच मुलगा एकटा उरतो हे लक्षात आल्यावर जोड्या मी स्वतः वर्गातच ठरवून आणू लागलो. मैदानाचे चार तुकडे केले. एकात लंगडी, एकात लगोरी, एकात दोरीच्या उड्या, एकात सातऐवजी चारांची कबड्डी, आणि कोणत्या तुकड्यात जायचे ते ज्याचे त्याने निवडायचे. बसून राहायला जागाच ठेवली नाही. टोपणनाव ऐकू आले की खेळ तेथेच थांबवायचा आणि कुणालाही न ओरडता खऱ्या नावाने पुन्हा सुरू करायचा, एवढा एकच नियम कडक ठेवला. गुणपत्रक मी माझ्या हातात घेतले.

त्या मुलाचे पोट त्यानंतरही तीन शनिवार दुखले. चौथ्या शनिवारी तो आला आणि कबड्डीच्या तुकड्यात कोपऱ्यात उभा राहिला. चढाई करणाऱ्याने त्याला हलक्यात घेतले, आणि याने त्याचा पाय जो धरला तो सोडलाच नाही. तो आज दहावीत आहे. शाळेच्या संघात नाही, होणारही नाही. रात्री गेम अजूनही खेळतो, आईची तक्रार अजूनही आहे. पण बुधवारी आणि शनिवारी तो मैदानावर असतो, आणि कबड्डीत कोपऱ्यातून “थांब, आत्ता नको” हे त्याचे ओरडणे आता मला ऐकू येते. चष्मा लावणारा दुसरा मुलगा मात्र हा बदल होण्याआधीच दाखला काढून दुसऱ्या गावच्या शाळेत गेला. अर्जात कारण ‘घरगुती अडचण’ असे होते. मी त्यावर सही केली, आणि त्याला काहीही विचारले नाही.

आपल्या वृत्तपत्रामार्फत शिक्षण विभागाला आणि माझ्या व्यवसायबंधूंना माझे सांगणे असे आहे. शारीरिक शिक्षणाच्या कामाची तपासणी करताना संघाने किती ढाली आणल्या याआधी, संघाबाहेरची किती मुले तासाला प्रत्यक्ष खेळली हे विचारले जावे. वर्षभराच्या हजेरीपटावरून ते कोणत्याही अधिकाऱ्याला दहा मिनिटांत दिसेल. खेळाचा तास शिक्षा म्हणून किंवा अभ्यासक्रमासाठी काढून घेता येणार नाही आणि व्यायाम शिक्षा म्हणून देता येणार नाही, असा स्पष्ट लेखी आदेश प्रत्येक शाळेच्या वेळापत्रकासोबत लागावा. शाळेतली तक्रारपेटी मुख्याध्यापकांच्या दाराशी न ठेवता मुले एकटी जातात अशा जागी ठेवावी आणि तिची किल्ली वर्गशिक्षकांपाशी नसावी. क्रीडाशिक्षकांच्या उजळणी वर्गांत नियमावली आणि पंचगिरी यांच्या जोडीने, भरलेल्या वर्गातून कुणालाही न दुखावता गडी कसे वाटायचे याचे एक सत्र ठेवावे. याला पैसा लागत नाही. पालकांना एवढीच विनंती, की मूल ठरावीक वारी आजारी पडत असेल तर औषध बदलण्याआधी वेळापत्रक पाहावे आणि शाळेत यावे. आलेल्या आईला मी जे पहिले उत्तर दिले तसे उत्तर मिळाले, तर पुन्हा यावे.

येत्या जूनमध्ये नवी पाचवी आमच्याकडे येईल, ६० नवी मुले, वेगवेगळ्या वाड्यावस्त्यांवरून आलेली आणि एकमेकांना न ओळखणारी. त्यांना अजून टोपणनावे पडलेली नसतील. त्यांच्या पहिल्या तासासाठीच्या जोड्या मी उंची आणि वजनाच्या नोंदी पाहून आधीच लिहून ठेवणार आहे. हे पत्र वाचून इतर शाळांतल्या क्रीडाशिक्षकांनी आपापल्या पद्धती, विशेषतः फसलेल्या पद्धती, आपल्या सदरात लिहिल्या तर जूनपूर्वी मला त्या हव्या आहेत.

आपला विश्वासू,
एक शारीरिक शिक्षण शिक्षक, सातारा जिल्हा